कार्ल्याची जोडपी आणि स्नायूंचा तक्ता

कार्ल्याला मी पहिल्यांदा गेलो तो एकवीरेच्या दर्शनाला, आईचा हात धरून, आणि देवळाला अगदी लागून असलेल्या चैत्यगृहाच्या, म्हणजे डोंगरात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भिंतीवर कोरलेल्या जोडप्यांकडे त्या वेळी माझे लक्षही गेले नव्हते. लक्ष गेले ते वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर, स्केचबुक घेऊन मुद्दाम गेलो तेव्हा. चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेला असल्याने सकाळी तिथे सावली असते आणि दुपार कलल्यावर ऊन थेट व्हरांड्यात शिरते, हे मी आधी विचारून ठेवले होते. उन्हाची तिरीप एका जोडप्यावर आल्यावर मी त्यातल्या पुरुषाचा खांदा काढायला घेतला आणि सवयीप्रमाणे डेल्टॉइड स्नायूची कड शोधू लागलो. ती कड तिथे नव्हतीच. मान खांद्यात आणि खांदा दंडात कुठे मिसळतो ते दाखवणारी एकही खाच शिल्पकाराने ठेवलेली नव्हती. तरीही तो खांदा भक्कम होता, त्याला वजन होते, आणि त्या खांद्याचा माणूस नुकताच छाती भरून श्वास घेऊन उभा राहिला आहे असे वाटत होते. तासाभरात मी चार कागद वाया घालवले. प्रत्येक कागदावर उमटला तो व्यायामशाळेतला कोणी तरी गडी, कार्ल्याचा माणूस नव्हे.

दोष माझ्या शिक्षणाचा होता असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल, पण कारण मात्र तेच होते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षा दिल्या, पुढे नोकरी करताना संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मानवाकृती शिकलो, आणि त्या वर्गाच्या भिंतीवर स्नायूंचा एक मोठा रंगीत तक्ता टांगलेला होता. कातडी सोलून काढलेला, तरीही डौलात उभा असलेला तो लाल माणूस मला आजही डोळे मिटले की दिसतो. त्याच्या शेजारी कोपऱ्यात ग्रीक पुतळ्यांचे धूळ खाल्लेले प्लास्टरचे साचे होते आणि आमचे पहिले सहा महिने कोळशाने त्यांच्या छटा उतरवण्यात गेले. शरीर म्हणजे आत हाडांचा सांगाडा, त्यावर स्नायू आणि वर कातडे, आणि चित्रकाराने वरून पाहताना आतले ओळखायचे, हा धडा मनात इतका घट्ट बसला की शरीराकडे पाहण्याची दुसरी एखादी रीत असू शकते हे कधी सुचलेच नाही.

त्या प्लास्टरच्या पुतळ्यांमागची हकिगत मात्र मोठी रंजक आहे. इसवी सनापूर्वी ६००च्या आसपास ग्रीक शिल्पकार नग्न तरुणाचे जे उभे पुतळे करत, त्यांना कूरोस म्हणतात. हात मांड्यांना चिकटलेले, डावा पाय किंचित पुढे आणि भार दोन्ही पायांवर सारखा, ही उभे राहण्याची ढब त्यांनी इजिप्तकडून घेतली होती. असा माणूस पाऊल पुढे टाकूनही चालत नाही, कारण पाय पुढे गेला तरी त्याची कंबर जागची हललेली नसते. पुढे सव्वाशे वर्षांनी, इसवी सनापूर्वी ४८०च्या सुमाराला, अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवरच्या एका किशोराच्या पुतळ्यात ती कंबर पहिल्यांदा हलली. शरीराचा भार एका पायावर आला, दुसरा गुडघा सैल पडला, भाराच्या बाजूचे ढुंगण किंचित वर गेले, आणि त्या एका बदलाने पाठीच्या कण्यापासून मानेपर्यंत सगळे शरीर त्या भाराशी जुळवून घेऊ लागले. बसथांब्यावर बराच वेळ ताटकळलेला कोणताही माणूस नेमका असाच उभा असतो, आणि तरीही ही साधी गोष्ट दगडात आणायला पिढ्यान्‌पिढ्या खर्ची पडल्या. पुढे पॉलिक्लिटसने आपला भालाधारी तरुण घडवला आणि शरीराच्या अवयवांची परस्परांशी प्रमाणे सांगणारा ‘कॅनन’ नावाचा ग्रंथही लिहिला. तो ग्रंथ आणि पुतळ्याचे मूळ कांस्यशिल्प दोन्ही नष्ट झाली. आपण पाहतो त्या रोमन काळातल्या संगमरवरी नकला, आणि त्यांतली सर्वांत प्रसिद्ध नक्कल पाँपेईत सापडलेली, आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण वर्गात ती आम्हांला कोणी सांगितली नव्हती. भालाधारी तरुणाचे शरीरही कुणा खऱ्या माणसाचे नाही. पोटाच्या खालच्या कडेने दोन्ही बाजूंना जी ठसठशीत वळणदार खाच दिसते, ती इतकी खोल आणि सलग जिवंत माणसाच्या अंगावर क्वचितच आढळते. ग्रीकांना धड आणि पाय यांचा सांधा स्पष्ट मांडायचा होता म्हणून ती तशी कोरली गेली. म्हणजे ग्रीकांनी निसर्ग जसाच्या तसा उतरवला आणि आपल्या लोकांनी कल्पनेतले शरीर घडवले, ही शाळकरी विभागणी पहिल्याच पुतळ्यापाशी कोलमडते. कल्पना दोघांचीही होती. ग्रीकांचे कुतूहल शरीर स्वतःला तोलते कसे याविषयीचे होते, आणि त्यामुळे त्यांना स्नायू, खाचा आणि सांधे हवे होते.

कार्ल्याच्या शिल्पकाराला मग काय हवे होते? उत्तर शोधायला मी पुस्तकांकडे वळलो आणि अर्थातच स्टेला क्रामरिश यांच्यापाशी पोहोचलो. व्हिएन्नात शिकून आलेल्या आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात शिकवणाऱ्या या विदुषीने विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रकलेच्या भागाचे १९२०च्या दशकात इंग्रजीत भाषांतर केले, आणि भारतीय शिल्पातले शरीर हे प्राणाने, श्वासाने आतून भरलेले शरीर आहे, ही मांडणी तिने आयुष्यभर केली. हडप्पाला सापडलेले, जेमतेम बोटभर उंचीचे लाल दगडाचे नग्न धड पाहिले की हे म्हणणे पटते. त्याचे पोट किंचित पुढे आलेले आहे, पण ते सुटलेले पोट नव्हे. बासरी वाजवणाऱ्याचे किंवा आलाप घेण्यापूर्वी गवयाचे पोट जसे भरते तसे ते भरलेले आहे. त्या धडाच्या काळाविषयी अभ्यासकांमध्ये वाद आहेत, पण पाटण्याजवळ लोहानीपूरला मिळालेल्या, मौर्यांच्या काळचे मानल्या जाणाऱ्या चकचकीत धडातही तीच भरीवता आहे. दीदारगंजला गंगेच्या काठी १९१७ साली सापडलेल्या यक्षीच्या पोटावर तर कातडीच्या बारीक वळ्याही आहेत. त्या पाहिल्यावर, डोळ्यांना जे दिसते ते या लोकांना कोरता येत नव्हते, असे म्हणायला जीभ धजत नाही.

तरीही क्रामरिश यांचे सगळेच म्हणणे मला कार्ल्यात लागू पडताना दिसत नाही. ही जोडपी काही प्राणायाम करत नाहीत. स्त्रीच्या कमरेला जड मेखला आहे, पायांत जाडजूड वाळे आहेत, पुरुषाच्या डोक्याला भलेमोठे पागोटे आहे, आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ती लेण्याच्या दाराशी जत्रेत उभे राहावे तशी उभी आहेत. याच चैत्यगृहातला शिलालेख सांगतो की वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे सावकार-व्यापाऱ्याने, जंबुद्वीपातले हे उत्तम शैलगृह पूर्ण केले. दुसऱ्या एका लेखावरून दिसते की असे एक जोडपे चक्क एका भिक्षूने दान दिले होते. संसार सोडलेल्या माणसाने दाराशी संसाराची खूण उभी करावी, याचा अर्थ लावण्यात विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. मला मात्र आपली भाषा इथे जास्त उपयोगी पडते. आपण ‘अंगावर मूठभर मांस चढले’ असे म्हणतो ते आनंदाविषयी बोलताना. मूल ‘बाळसे धरते’, मुलगी ‘अंगाने भरते’, संकट टळले की ‘जिवात जीव येतो’. भरलेले अंग म्हणजे सुख, सुबत्ता आणि जिवंतपणा, हा अर्थ मराठी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. घाटमाथ्यावरून कोकणातल्या बंदरांकडे माल जाण्याच्या वाटेवर, व्यापाऱ्यांच्या पैशातून कोरलेल्या लेण्यातली शरीरे धान्याने भरलेल्या कणगीसारखी टम्म असावीत, यात मला नवल वाटत नाही.

या शरीरांना शास्त्र नव्हते असेही नाही. अंगुळ हे बोटाच्या रुंदीचे माप, बारा अंगुळांचा एक ताल, आणि चेहऱ्याची लांबी एक ताल धरून बाकीचे शरीर मोजायचे, ही पद्धत शिल्पग्रंथांतून ठरलेली दिसते. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्राने पुरुषांचे पाच प्रकार सांगितले आहेत: हंस १०८ अंगुळांचा, भद्र १०६, मालव्य १०४, रुचक १०० आणि शश ९० अंगुळांचा. उपमा तर घरोघरी पोचलेल्या आहेत. गुडघ्यापर्यंत पोचणाऱ्या हातांचा तो आजानुबाहू हे आपण अजूनही सत्कार समारंभांत सहज बोलून जातो. पण या मोजमापांपेक्षा त्याच ग्रंथातली दुसरी एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. लाटा, अग्नीच्या ज्वाळा, धूर आणि पताका ज्याला वाऱ्याच्या गतीनुसार काढता येतात, तो चित्र जाणणारा, असे तिथे म्हटले आहे. आणि त्याच्यापुढेच, झोपलेला माणूस चेतना असलेला आणि मेलेला माणूस चैतन्य नसलेला असा ज्याला दाखवता येतो, तो चित्र जाणणारा, असेही म्हटले आहे. निजलेले आणि मेलेले, दोन्ही शरीरे आडवी, दोन्ही निश्चल, दोन्हींचे स्नायू सैल. फरक फक्त श्वासाचा. जो स्नायूंच्या तक्त्यावर दाखवता येणार नाही, नेमका तोच फरक इथे कसोटी म्हणून ठेवला आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि मीही पूर्वी तो घेत असे: हे सगळे ठीक, पण आपल्या शिल्पकारांना शरीराच्या आतले ठाऊकच नव्हते, आणि ठाऊक नव्हते म्हणून त्यांनी ते झाकले. या आक्षेपाला वैद्यकशास्त्राने दिलेले उत्तर सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. प्रेत गवताने वेढून पिंजऱ्यात घालावे, नदीच्या पाण्यात आडोशाला सात रात्री ठेवावे, आणि कुजून मऊ झाले की वाळा, केस, बांबू अशांच्या कुंचलीने हळूहळू खरवडत कातडीपासून आतला एकेक भाग डोळ्यांनी पाहावा, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. सुश्रुताने हाडांची संख्या ३०० दिली आहे; आजच्या मोजणीशी ती जुळत नाही, परंतु मोजायला तो बसला होता हे नक्की. अर्थात वैद्याला माहीत असलेले शिल्पकाराला माहीत असेलच असे नाही, हे मला मान्य आहे.

शिल्पकाराचे उत्तर वेरूळला आहे. २१ क्रमांकाचे, रामेश्वर नावाचे लेणे कैलासाच्या तुलनेत लहान असल्याने पर्यटक तिथे फारसे रेंगाळत नाहीत, आणि तेच बरे आहे. व्हरांड्याच्या एका टोकाला मकरावर उभी असलेली गंगा आहे. तिच्या कमरेचा बाक, भरलेल्या मांड्या आणि पोटाची ती सैल, ओलसर गोलाई पाहताना दगड विसरायला होतो. महाराष्ट्रातल्या स्त्रीशिल्पांत मला हिच्या तोडीचे दुसरे सापडलेले नाही. आणि त्याच लेण्यात, सप्तमातृकांच्या शेजारी, काळ आणि काली यांच्या आकृती आहेत, त्या निव्वळ सांगाड्याच्या. बरगडी न् बरगडी मोजता येते, पोटाच्या जागी खळगा आहे, गुडघ्याच्या वाट्या उघड्या पडल्या आहेत. एकाच लेण्यात, एकाच दगडात, हाकेच्या अंतरावर ही दोन्ही शरीरे आहेत. ज्याला हाडे कोरता येत होती त्याने गंगेच्या अंगावर हाड दिसू दिले नाही, कारण हाड दिसणे हे त्याच्या लेखी मृत्यूचे, भुकेचे, प्राण ओसरल्याचे चिन्ह होते. ‘हाडांची काडे झाली’ असे आपण म्हणतो तेव्हा आपणही दुसरे काय सांगत असतो?

याहून प्रखर उदाहरण गांधार देशातले आहे. सिक्री इथे मिळालेला आणि आता लाहोरच्या संग्रहालयात असलेला उपाशी सिद्धार्थ मी फक्त छायाचित्रांत पाहिला आहे, आणि प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळेल असे वाटत नाही. करड्या शिस्ट दगडातल्या त्या बैठ्या मूर्तीत डोळे खोबणीत गेले आहेत, बरगड्यांच्या पिंजऱ्यावरून शिरांचे जाळे गेले आहे, आणि पोट पाठीला टेकले आहे. पोटाला हात लावला तर कणा हाताला लागे, असे बुद्ध स्वतःच्या त्या काळाविषयी पाली सुत्तात सांगतो. गांधारच्या कारागिरांचा ग्रीक-रोमन शिल्पाशी संबंध होता, म्हणून शरीरशास्त्राचे हे ज्ञान तिकडून आले असे म्हणता येईल. पण ते वापरले कुठे गेले ते पाहावे. सिद्धार्थाने तो मार्ग चुकीचा ठरवून सोडला आणि सुजातेची खीर स्वीकारली. ज्ञानप्राप्तीनंतरच्या बुद्धाच्या मूर्तीत मग ना शीर दिसते ना बरगडी. पाचव्या शतकातल्या सारनाथच्या बुद्धाचे अंग तर इतके नितळ आहे की अंगावरचे वस्त्रही फक्त कडांवरून ओळखावे लागते. हाडे आणि शिरा कशासाठी राखून ठेवायच्या हे ठरलेले होते.

हे ज्याला दिसले नाही अशा एका गृहस्थाचा किस्सा सांगितल्यावाचून राहवत नाही. जॉर्ज बर्डवुड यांचा जन्म १८३२ साली बेळगावचा. मुंबईत त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाच्या उभारणीशी त्यांचा संबंध होता, आणि भारतीय कारागिरीवर त्यांचे मनापासून प्रेम होते. सतरंज्या, भांडी, दागिने यांविषयी ते भरभरून लिहीत. पण जानेवारी १९१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये, भारतीय कलेचे पुरस्कर्ते ई. बी. हॅवेल यांच्या व्याख्यानानंतर, जावातल्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीच्या छायाचित्राविषयी बोलताना, आत्म्याच्या शांततेचे प्रतीकच हवे असेल तर चरबी घालून उकडलेल्या पुडिंगाचा गोळाही तितकेच काम देईल, असे उद्गार त्यांनी काढले. त्यावर इंग्रज चित्रकार विल्यम रोथेन्स्टाइन आदी १३ जणांनी ‘टाइम्स’मध्ये निषेधाचे पत्र लिहिले आणि त्याच वर्षी लंडनला इंडिया सोसायटी स्थापन झाली. गोळा हा शब्द अपमानाचा आहे, पण निरीक्षण म्हणून तो अगदीच चुकीचा नाही, हे मला कबूल करावे लागते. त्यांनी पाहिले ते बरोबर होते: स्नायू नव्हते. ते का नव्हते, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

याच बर्डवुड यांनी काही वर्षे आधी एका मराठी तरुणाच्या शिल्पाची मुक्त कंठाने स्तुती केली होती. गणपतराव म्हात्रे यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी असतानाच, १८९६ साली, प्लास्टरमध्ये घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ ही ती शिल्पाकृती. नऊवारी नेसून पूजेला निघालेली तरुणी, मान किंचित कललेली, आणि पदरापासून निऱ्यांपर्यंतची प्रत्येक चुणी आतल्या शरीराच्या उतारावरून वाहणारी. १८५७ साली सुरू झालेल्या त्या शाळेत ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर नकला समोर ठेवून मुले शिकत असत, आणि म्हात्र्यांचा हात त्यांवरच घडला होता. म्हणून बर्डवुडना ही मूर्ती ओळखीची वाटली असणार. तिला नुसती ग्रीक नक्कल ठरवणारे पुढे पुष्कळ निघाले. मला ते अन्यायाचे वाटते. भाराची जाण तिकडची आहे, पण चेहऱ्यावरचा संकोच, लुगड्याचा काष्टा आणि पावलाची ती सावध मंद गती दादर-गिरगावच्या देवळांच्या वाटेवरची आहे. योगायोग असा की याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रे उतरवून घेत होते. त्यांतल्या बऱ्याच प्रती लंडनला आगीत गेल्या. एका इमारतीत एकीकडे ग्रीक धडाच्या छटा आणि दुसरीकडे पद्मपाणीची रेघ, अशी दोन शरीरे नांदत होती. त्यांची गाठ घालून देणारे कोणी त्या वेळी नव्हते. जिवंत नग्न मॉडेल समोर बसवून शिकवण्याचा वर्ग तिथे सुरू झाला तो शाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९१९च्या सुमाराला.

नग्नतेचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच अश्लीलतेकडे वळते, म्हणून त्याविषयी एवढेच नोंदवून पुढे जातो: १९५४ साली मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनात अकबर पदमसी यांच्या एका चित्रावर, स्त्रीच्या स्तनावर पुरुषाने हात ठेवला आहे या कारणासाठी, खटला भरला गेला आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. त्याच वर्षीही एकवीरेचे भाविक कार्ल्याच्या जोडप्यांसमोरूनच दर्शनाच्या रांगेत उभे राहत होते.

माझ्या स्वतःच्या अडचणीला वाट सापडली ती पुस्तकातून नव्हे. दोन वर्षांपूर्वी पुन्हा एका रविवारच्या लाइफ क्लासला जाऊ लागलो. तिथे साठीच्या आसपासचे एक मॉडेल येत. त्यांना सगळे मामा म्हणत. वीस मिनिटांच्या बैठकीत मी त्यांचे खांदे, छाती, गळ्याची हाडे झटपट मांडली आणि पोटापाशी अडलो. पोटाची रेघ काढली की ती चुकलेली दिसे, खोडून पुन्हा काढली की पुन्हा चुकलेली. तिसऱ्यांदा रबर उचलल्यावर ध्यानात आले की रेघ चुकत नव्हती. मामा श्वास घेत होते. अख्ख्या शरीरात तेवढा एकच भाग हलत होता. तक्त्यावरचा लाल माणूस श्वास घेत नसल्याने ही अडचण मला कधी आली नव्हती. त्या दिवशी मी श्वास पूर्ण भरलेल्या क्षणाची रेघ निवडली आणि बाकीचे शरीर तिच्या अनुरोधाने पुन्हा काढले. छाती उचलली गेली, खांदे गोल झाले, गळ्याखालची हाडे आपोआप बुजली. बैठक संपल्यावर मामा अंगात सदरा घालत माझ्या बोर्डापाशी आले, चित्राकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, “साहेब, पोट जरा जास्तच काढलंत की.”

त्यानंतर कार्ल्याला तीनदा जाऊन आलो आहे. आता मी सुरुवात पुरुषाच्या खांद्यापासून करत नाही. ऊन व्हरांड्यात येईपर्यंत थांबतो आणि आधी स्त्रीच्या पोटाची रेघ काढतो, मग कंबर, मग मेखला, आणि शेवटी त्या पुरुषाच्या गळ्यात पडलेला तिचा हात. तो हात अलीकडे बरा येऊ लागला आहे. खांदा अजून जमत नाही.